मोकळ्या हाताचं वर्तुळ

नांदेड
२ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. मुग्धा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सहा फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत आणि उचलणारही नाही. फोनवर 'कशी आहेस मावशी' म्हणणारं माणूस उत्तर ऐकतच नाही, नुसता आवाज तपासतं. खोल गेला का, कापतोय का. त्यात तुझे काका शेजारी कान टवकारून बसलेले. त्यापेक्षा पत्र बरं. तू नर्सिंगच्या होस्टेलात होतीस तेव्हा लिहायचो तसंच लिहू, आणि नियमही तेच. अक्षराला दहापैकी गुण, आणि पत्राच्या शेवटी मोकळ्या हातानं काढलेलं एक वर्तुळ, बांगडीएवढं. कन्याशाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवताना मी पोरींच्या हातातले कंपास काढून घेतले. आजाराच्या निमित्तानं त्यात सवलत नाही.

ऑपरेशनची जखम भरली. डावीकडे सपाट झालंय. ब्लाउज शिवणारीला म्हटलं, कापड वाचेल त्यात तुझ्या नातीला झबलं शिव. तिला हसावं की रडावं कळेना. सोमवारी पहिला किमो आहे. आधी लाल औषधाचे चार डोस, तीन-तीन आठवड्यांनी. मग दुसऱ्या औषधाचे बारा, दर सोमवारी. एकूण सोळा. हे सांगताना डॉक्टरांनी आवाज इतका मऊ केला की मीच म्हणाले, मोठ्यानं सांगा, सोळाच आहेत, सोळाशे नाहीत.

लातूरला ये, माझ्याच वॉर्डात घे, असं तू काकांना सांगितलंस. नाही. ताई गेली तेव्हा तू पाचवीत होतीस. तेव्हापासून तुझी वेणी मी घातली, तुझं नाक मी पुसलं. त्याच मुलीसमोर बादलीत ओकायची माझी तयारी नाही. इथे गौरम्मा नावाच्या सिस्टर आहेत, देगलूरकडच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या हाताच्या शिरा अशा निरखल्या की मी शाळेत ब्रशचे केस निरखायचे त्याची आठवण झाली. बाई कामाची वाटते.

तू मला एवढंच कर. सगळे जे गोड करून सांगतात ते तू खरं खरं लिही. भीती मला अर्धवट माहितीची वाटते, पुऱ्या माहितीची नाही.

काकांचे आशीर्वाद. तुझी माया होती तेवढीच राहू दे. आजारी आहे म्हणून वाढवलीस तर परत पाठवीन.

तुझी
चंद्रप्रभामावशी

(वर्तुळ खाली आहे. तपासून घे.)


लातूर
१० ऑक्टोबर २०२४

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईची बांगडी वर्तुळावर ठेवून पाहिली. रेघ कुठे आत नाही, कुठे बाहेर नाही. दहापैकी दहा. माझ्या अक्षराला तू सहाच देशील हे ठाऊक आहे, पण बारा तास उभी राहून आलेय, तेव्हा अर्धा गुण दयेचा दे.

पहिला डोस पार पडल्याचं काकांकडून कळलं. लघवी लाल झाली म्हणून ते घाबरले होते. तो औषधाचाच रंग आहे, दुसऱ्या दिवशी जातो. आता तू मागितलंस ते खरं खरं. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. आजाराच्या पेशी भराभर वाढतात, पण केसांची मुळं, तोंडाची आतली कातडी, आतडी आणि रक्तही भराभरच वाढतं. औषधाला ओळखपाळख नाही, समोर येईल त्याला झोडपतं. म्हणून केस जातील, तोंड येईल, मळमळेल. ते परत भरून येतं.

दोन गोष्टींत मात्र बहादुरी दाखवायची नाही. लाल औषध शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जाळतं. सुईपाशी जराशी आग झाली तरी ओरडायचं, सगळ्या वॉर्डानं वळून पाहिलं तरी चालेल. आणि ताप शंभराच्या वर गेला तर गोळी गिळून पांघरूण ओढून पडायचं नाही, तडक दवाखाना. गोळीनं नुसता आकडा उतरतो आणि आम्ही फसतो.

लोकांना वाटतं नर्स म्हणजे सुई टोचणारी. सुई सगळ्यात सोपी, मावशी. बाटली लावायच्या आधी नाव, वजन, रक्ताचा रिपोर्ट सगळं पुन्हा जुळवून बघतो, आणि मग विचारतो की गेल्या वेळेपासून काही त्रास? आमच्या कागदावर त्याचा एक रकाना आहे. पेशंट 'नाही' म्हणाला की आम्ही 'नाही' लिहितो आणि डॉक्टर पुढचा डोस त्या 'नाही'वर ठरवतात. तेव्हा गौरम्मा सिस्टरांपासून काही लपवू नकोस. मला लपवलंस तरी चालेल, त्यांना नको.

तुझा जावई आलोक नमस्कार सांगतो. तुझा धाक आहेच, त्यावर थोडी साय म्हणून प्रेम असू दे.

तुझी
मुग्धा


नांदेड
६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मुग्धा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या अक्षराला साडेसहा. अर्धा गुण दयेचा नव्हे, 'झोडपतं' या शब्दाचा.

केस पंधराव्या दिवशी मुठीनं यायला लागले. रोज थोडं थोडं हरत बसायचं मला पटेना. कोपऱ्यावरच्या सलूनमधल्या विरूपाक्षला घरी बोलावलं. तो मशीन हातात घेऊन नुसताच उभा. बाई, तुमच्या डोक्याला कसा हात लावू, म्हणाला. मी मशीन त्याच्या हातातून घेतलं आणि पुढची बाजू आरशात बघून स्वतःच साफ केली. मागची त्याला करावीच लागली. जाताना माझ्या पाया पडला. असल्या गोष्टींचा मला संताप येतो, पण चहा पाजला.

दिवाळीत शेजारच्या रुद्राणीबाई चिवडा आणि एक रेशमी स्कार्फ घेऊन आल्या. अगं बाई, अगं बाई, असं चार वेळा म्हणाल्या. मी स्कार्फचं कौतुक केलं आणि त्यांच्यादेखत तुळशीच्या कुंडीला बांधला. तोंड आलंय, चिवडा नुसता पाहिला. भाताला लोखंडाची चव लागते. दोन दिवस बादली उशाशी होती. खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून रडले. चौथ्या दिवशी वरण-भात मागून घेतला.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर साखराबाई असतात. भोकरकडच्या, पाच एकर शेती, अंगठेबहाद्दर, पण जिभेला धार. सलाईन लावताना सिस्टरांना म्हणाल्या, म्या कशाला भिऊ, औषिद हाय का भूत हाय. त्यांना माझं टक्कल इतकं आवडलं की पुढच्या सोमवारी रक्त तपासायला आलो तेव्हा स्वतःही करून आल्या होत्या. आम्ही दोघी शेजारी बसलो की डॉक्टर म्हणतात, नजर कुठं ठेवावी कळत नाही.

दुसऱ्या डोसाला सुईपाशी आग झाली. मी आधी ओठ दाबून धरले, सवयच तशी. मग तुझं पत्र आठवलं आणि अशी ओरडले की दारातला चहावाला पळाला. गौरम्मा सिस्टर हातातलं सगळं टाकून आल्या, बाटली बंद केली, सुई काढायच्या आधी आतलं ओढून घेतलं, बर्फ लावला. आग होती तिथे नुसता रुपयाएवढा लाल डाग राहिला. त्या मला अव्वा म्हणतात, म्हणजे कानडीत आई. रागावून विचारलं की अव्वा, आधी किती वेळ गप्प होतात? मी म्हणाले, दहा सेकंद. माझ्या दहाचे खरे किती, याचा त्या हिशोब करत असाव्यात.

वर्तुळ खाली आहे. लोभ जपून ठेव, मला अजून चौदा डोस काढायचेत.

तुझी
मावशी


लातूर
२ जानेवारी २०२५

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

सोमवारी वेळ अमावस्या होती. तू तिकडे नव्या औषधाची पहिली बाटली घेत होतीस आणि आम्ही शिरूर अनंतपाळला सासरच्या शेतात भज्जी-आंबील खात होतो. सासूबाईंनी तुझ्या नावानं बाजरीचा एक उंडा वेगळा काढून ठेवला आणि नंतर तोही मलाच खायला लावला.

नवं औषध लाल औषधापेक्षा सौम्य असतं. केस परत फुटायला लागतील, मळमळ कमी होईल. पण हे नसांवर जातं. बोटांच्या टोकांना, तळपायांना मुंग्या येतात, बधिर वाटतं. त्यावर लक्ष ठेव. गौरम्मा सिस्टर दर सोमवारी विचारतील. बटण लागतं का, चप्पल पायात राहते का. उत्तर देताना घाई करू नकोस.

मागच्या पत्रातल्या वर्तुळाला साडेनऊ. डावीकडे केसभर चेपलंय. तू माझा अर्धा गुण कापायचीस तसा मी तुझा कापला, हातात सत्ता आली की सोडवत नाही. आलोकला तुझ्या तुळशीच्या स्कार्फचा किस्सा सांगितला, तो अजून हसतोय.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असावा. माझ्या डोक्यावर, तुझं डोकं सध्या गुळगुळीत आहे.

तुझी
मुग्धा


नांदेड
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. मुग्धा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

संक्रांतीला रुद्राणीबाईंकडे हळदीकुंकू होतं. मला बोलवावं की नाही या विचारात त्यांनी दोन दिवस घालवले. मी आमंत्रणाशिवाय गेले, उघड्या डोक्यानं, काळी चंद्रकळा नेसून. टकलाखाली कुंकू फार उठून दिसतं. दोन बायकांनी वाण देताना माझा हात धरला आणि हळूच सांगितलं की आपल्यालाही गाठ लागते आहे, दाखवायला लाज वाटते. दोघींना दुसऱ्या दिवशी सकाळी मीच दवाखान्यात घेऊन गेले. एकीचं काही नाही निघालं, दुसरीचं तपासायला पाठवलंय.

तिळगूळ खाऊन परत आले तर एकाच पायात चप्पल. दुसरी वाटेत कुठे गळाली पत्ताच नाही. काकांनी जाऊन शोधून आणली, पानटपरीपाशी पडली होती. दिवसभर हसत होते. एवढा सत्कार झाला, की म्हणे चप्पल विसरलीस.

तिसरा डोस झाला. औषध खरंच सौम्य आहे. साखराबाईही याच औषधावर आल्यात. त्या आणि मी पैज लावून बसलोय, बारा आधी कोण संपवतं.

आजचं वर्तुळ जरा बिघडलंय. पेन खराब आहे, आणि कागदाखाली वर्तमानपत्र होतं. गुण देऊ नकोस.

जिव्हाळा तसाच चालू ठेव.

तुझी
मावशी


नांदेड
५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मुग्धा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते, थंडी आहे. सहावा डोस झाला. माझं सगळं उत्तम. सिस्टर विचारतात, मी 'काही नाही' सांगते, त्या लिहून घेतात.

साखराबाईंची खुर्ची तीन सोमवार रिकामी आहे. पहिल्या सोमवारी सिस्टर फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की त्यांचं औषध थांबवलंय. मी पुढे विचारलं नाही. सगळ्या आयुष्यात मी प्रश्न विचारायला घाबरले नाही, हा एकच विचारला नाही. थांबवलं म्हणजे काय हे कळायला मला कुणी लागत नाही. जिच्यात अर्थ उरला नाही तिचं थांबवतात. ती बाई भुताला भीत नव्हती, मुग्धा. तिच्यावर हात टेकले त्यांनी.

माझं कुणी थांबवणार नाही. बारा ठरलेत, बारा घेणार. मी कुणाला ते कारण मिळू देणार नाही. तुझ्या काकांनाही तसंच बजावलंय.

वर्तुळ आज सुरेख आलंय. बांगडी ठेवून बघ.

लोभ असू दे.

तुझी
मावशी


लातूर
१० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

बांगडी ठेवली. तंतोतंत जुळलं. आधी आनंद झाला, मग शंका आली. गेल्या महिन्यातलं वर्तुळ वांग्यासारखं होतं आणि तू त्याचा दोष पेनाला दिलास. हे मात्र छापल्यासारखं. पत्र खिडकीपाशी उजेडात धरलं. वर्तुळाच्या बरोबर मधोमध टाचणीच्या टोकाएवढं छिद्र आहे.

मावशी, तू कंपास वापरलास.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या आदल्या दिवशी माझा कंपास कपाटात कुलूपबंद करणारी तू. मी ते छिद्र बघून रडले आणि मग मला असा राग आला की हातातला चहा तसाच निवला. तुझ्या चपलेचं पत्र पुन्हा काढून वाचलं. ती वाटेत गळाली, कारण पायाला ती असल्याचं कळतच नव्हतं. आणि मी नर्स असून काकांबरोबर हसले. आज ड्यूटी संपल्यावर काकांना फोन केला. सगळं ठीक आहे म्हणाले. तिच्या ब्लाउजचे हूक कोण लावतं, असं विचारलं तर फोनच ठेवून दिला. तोवर तुझा सातवा डोस होऊन गेला होता.

आता तुला हवं होतं तसं, गोड न करता. हे औषध नसांना इजा करतं, लांबच्या टोकांना आधी. वेळेत कळलं तर डोस कमी करतात, दोन आठवडे जाऊ देतात, मग हळूहळू बरंचसं परत येतं. दामटून घेत राहिलं तर ते कायमचं राहू शकतं. तुझा हात आहे तो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वॉर्डात एक शिंपी होता. दर आठवड्याला 'काही नाही' म्हणायचा, मी 'नाही' लिहायची. त्याच्या शर्टाची बटणं चुकीच्या काजांत असायची. तीन आठवडे मी ती पाहिली आणि काही विचारलं नाही. शेवटी त्याला सुई ओवता येईना. आजार गेला, दुकान बंद झालं. त्याचे ते काज मला अजून दिसतात. म्हणून सांगते, तुझ्या 'नाही'ला मी मान देणार नाही.

थांबवणं म्हणजे हात टेकणं नव्हे. आमच्याकडे असा एक आठवडा जात नाही की कुणाचा डोस पुढे ढकलला नाही. रक्तातल्या पेशी कमी आल्या, ताप आला, हात बधिर झाला, की थांबतो. माणूस पुढे टिकावं म्हणून थांबतो. साखराबाईंचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि तुलाही नाही. तू विचारलंच नाहीस.

येत्या सोमवारी बाटली लागायच्या आधी तू स्वतः गौरम्मा सिस्टरांना सांगायचंस. दहा वाजता मी त्यांना फोन करणार आहे. तू सांगितलेलं असेल तर छान. नसेल तर मी सांगेन, आणि भाची म्हणून नाही, नर्स म्हणून.

या पत्रापुरता लोभ बाजूला ठेव. ऐक फक्त.

मुग्धा


नांदेड
१८ फेब्रुवारी २०२५

सौ. मुग्धाताईंना,
स. न. वि. वि.

फोनवर आपलं दोन मिनिटं बोलणं झालं. बाकीचं लिहून कळवते, कारण चंद्रप्रभा अव्वांनी बजावलंय की फोनवर नको, पत्रच लिहा. माझं मराठी शाळेपुरतं आहे, घरात आमचं कानडी. सांभाळून घ्या.

काल मी साडेनऊला वॉर्डात आले तर अव्वा माझ्या आधी येऊन बसलेल्या. तुमचं पत्र त्यांनी माझ्या टेबलावर आपटलं. वाचा म्हणाल्या. वाचून होईपर्यंत माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मग दोन्ही तळहात पुढे केले आणि म्हणाल्या, घ्या परीक्षा, पण नापास केलंत तर कारण द्यायचं.

मी त्यांना डोळे मिटायला लावले. एकदा आगकाडी ठेवली, एकदा सेफ्टी पिन, एकदा काहीच नाही. तिन्ही वेळा त्या आगकाडी म्हणाल्या. ताई, मी सतरा वर्षं हे काम करून राहिले. सहा सोमवार मी त्यांना विचारलं आणि सहा सोमवार 'नाही' लिहिलं. त्यांचे हूक घरचे साहेब लावून देत होते, चप्पल पट्ट्याची घेतली होती, पाण्याचा ग्लास दोन हातांनी धरत होत्या, आणि मला वाटलं वय झालं. मला माझाच राग आला. तुमचा तो शिंपी वाचून मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

डॉक्टरांनी तपासलं आणि दोन आठवडे औषध नको म्हणाले, नंतर कमी डोस. अव्वा भडकल्या. थांबवणार असाल तर पुन्हा सुरू करायची तारीख आत्ता कागदावर लिहा, खाली सही करा, नाहीतर मी खुर्चीवरून उठत नाही, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी लिहिलं, तीन मार्च. अव्वांनी ते वाचलं आणि सही नीट नाही म्हणून पुन्हा करून घेतली.

आणि त्याच वेळी दारातून साखराबाई आल्या. डोक्यावर बोटभर केस, पाठीवर हरभऱ्याचं गाठोडं. त्यांच्या पेशी कमी आल्या होत्या म्हणून आम्ही एकच आठवडा थांबवलं होतं. पुढचे आठवडे त्या स्वतःच आल्या नाहीत. मी फोन केले, त्यांच्या भावकीतल्या गुरुबसप्पांना निरोप दिला. आता जाब विचारला तर मलाच म्हणाल्या, हरबरा कोन काढील, तुमच्या पेशी काढतील व्हय? मी त्यांना जेवढं रागावायचं तेवढं रागावले. अव्वा मात्र उठल्या, साखराबाईंच्या जवळ गेल्या आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून वॉर्डभर ऐकू जाईल असं रडल्या. साखराबाई घाबरल्या. मला हळूच विचारलं, बाईला काय झालंय, जास्त हाय का?

तुमच्या पत्रातून मी एक गोष्ट घेतली. काल सुरुवात केली, आता दर सोमवारी बाटलीच्या आधी प्रत्येकाच्या कागदावर त्यांच्याच हातानं एक वर्तुळ काढून घेते. तोंडानं 'नाही' म्हणता येतं, हातानं म्हणता येत नाही. साखराबाईंनी आयुष्यात पेन धरलं नव्हतं. त्यांनी भाकरी काढली.

अव्वांची काळजी माझ्यावर सोडा. ओळख नव्हती ती या निमित्तानं झाली, ती मोडू देऊ नका.

आपली
गौरम्मा


नांदेड
४ एप्रिल २०२५

चि. सौ. मुग्धा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवारी बारावा झाला. सोमवारी ईदची सुट्टी होती म्हणून एक दिवस उशीर, तेवढाही मला खपला नाही. साखराबाईंचे अजून दोन राहिलेत, पैज मी जिंकले. त्या म्हणतात, जिंकलात तर जिंकलात, पन माझ्या दोन सोमवारांना तुमी शेजारी येऊन बसायचं. जाणार आहे.

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. पेनाला काकांनी सायकलच्या हँडलचं रबर चढवून दिलंय, जाड झालं की धरता येतं. बोटांची टोकं अजून दुसऱ्या कुणाची असावीत तशी आहेत. मोहरी निवडता येत नाही, साडीची निरी हातातून सुटते. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात बरंच परत येईल. बरंच म्हणजे किती, असं मी विचारलं. आता मी सगळं विचारते. सांगता येत नाही म्हणाले. खरं बोलले म्हणून त्यांच्यावरचा राग गेला.

तुझ्यावर मी आठ दिवस रागावलेली होते, हे तुला कळायला हवं. त्या छिद्रासाठी नव्हे. तू लिहिलंस ना, 'तुझा हात आहे तो', त्यासाठी. मी बारा डोस वाचवायला निघाले होते आणि ज्या हातानं जगले तो द्यायला तयार झाले होते. ताकद दाखवतेय असं वाटत होतं. खरं तर मुग्धा, मी भ्याले होते. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा इतकी भ्याले, आणि कुणाला कळू नये म्हणून कंपास शोधला. तोही तुझाच, कपाटात कुलूपबंद होता तो. तू होस्टेलला गेलीस तेव्हा परत द्यायचा राहिला होता.

पाडव्यापासून उन्हाळ्याचा वर्ग सुरू केलाय. सहा पोरी आहेत. फळ्यावर वर्तुळ काढलं, ते वांगंच आलं. त्यातली सृष्टी खुदकन हसली. बाकीच्या तिला कोपरानं ढोसायला लागल्या. मी म्हटलं, हसू दे तिला, वांगं आहे तर वांगंच दिसणार. आता तू येऊन काढून दाखव. तिचंही वांगंच आलं. मग आम्ही दोघी रोज काढतो, ती तिचं, मी माझं. ती माझ्या पुढे निघाली आहे. मी तिला तसं सांगत नाही, डोक्यात जाईल.

केस बोटभर आलेत, कुरळे. सगळं आयुष्य सरळ केस होते. रुद्राणीबाई विचारत होत्या, कुठल्या पार्लरमध्ये केले. हळदीकुंकवाच्या त्या दुसऱ्या बाईंचं निदान लवकर झालं, पुढच्या सोमवारी त्यांचा पहिला डोस. त्यांना लाल औषधाबद्दल, ओरडण्याबद्दल सगळं सांगितलंय. गौरम्मा सिस्टर म्हणतात, अव्वा, तुम्ही माझी अर्धी नोकरी घेतलीत.

पाकिटात कंपास घातलाय. तुझा आहे, तुझ्याकडे ठेव. या घरात आता लागणार नाही.

वर्तुळ खाली आहे. एका दमात काढलंय, पुसलेलं नाही. उजवीकडे फुगलंय, आणि शेवटी तोंड जुळत नाही, गव्हाच्या दाण्याएवढी फट राहिली आहे. मी स्वतःला दहापैकी चार दिलेत, तू दयेचा अर्धाही वाढवू नकोस. लोभ ठेव आणि पत्र उजेडात धरून बघ. छिद्र सापडणार नाही.

तुझी
मावशी